चार डिस्कचा बॉक्स घेण्याआधी : डीएएस, एनएएस आणि कोकणातला पावसाळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाहीये ना ते तुम्हाला कळेल. गुहागरजवळ वाडीत घर आहे. एका डेस्कटॉपवर तुम्ही लग्नांचं आणि होमस्टेवाल्यांचं शूटिंग एडिट करता. पाच पोर्टेबल डिस्क आणि ४ टीबीच्या दोन सुट्या मोठ्या डिस्क मिळून ९ टीबीच्या आसपास माल आहे, आणि वर्षाला दोन-तीन टीबीची भर पडते. त्यातच गावच्या नमनाच्या खेळांची जुनी रेकॉर्डिंग आणि वडिलांनी स्कॅन केलेले जमिनीचे कागदही आहेत. एक पोर्टेबल टिक-टिक वाजायला लागली आहे. घरच्यांना फोनमधले फोटो एका जागी हवेत आणि टीव्हीवर बघायचेत. तुम्ही विचारता : चार डिस्कचा डीएएस (एका कंप्युटरला यूएसबीने थेट जोडायचा बॉक्स) घेऊ की एनएएस (राउटरला जोडून घरातल्या सगळ्यांना वापरता येणारा बॉक्स), रेड ५ (डिस्क एकत्र जोडून एक मेली तरी डेटा टिकवायची पद्धत) लावलं की बॅकअपची कटकट संपेल का, आणि पुढे वाढवता येईल ना?

बाकीचं सगळं राहू द्या, ती टिक-टिक करणारी डिस्क आत्ता काढून ठेवा. तिच्यावर विंडोजचं चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू नका. आजारी डिस्कला सगळी पानं उलटायला लावणारा तो प्रकार आहे, त्यात ती उरलीसुरली जाते. ती अजून ओळखली जात असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कंप्युटर सुरू करून डीडीरेस्क्यूने तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. हे टूल चांगला भाग आधी उचलतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं. ओळखलीच जात नसेल आणि आत नमनाची रेकॉर्डिंग असतील, तर घरी प्रयोग नकोत, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतं. केस फोडून दुसऱ्या केसिंगमध्ये घालू म्हटलं तर आत साटा कनेक्टरच (डिस्क जोडायचं नेहमीचं सॉकेट) सापडत नाही. आणि कोणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. आपल्या हवेत ती बाहेर काढल्याबरोबर तिला घाम फुटतो.

आता मूळ मुद्दा. 'पुढे वाढवता येईल ना' म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे रिकामे कप्पे येतात. मी गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारतो. एक, लहान डिस्क काढून मोठी घालताना आतला सगळा डेटा आधी कुठेतरी उतरवून ठेवावा लागेल का? दोन, जुलैच्या पावसात हा बॉक्सच मेला तर आतल्या डिस्क दुसऱ्या कुठल्या मशीनवर वाचता येतील का? दुसरा प्रश्न पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला फारसा छळत नाही. तो चार दिवसांत तोच बॉक्स पुन्हा मिळवतो. आपल्याकडे सर्व्हिस सेंटर मुंबईला, कुरिअर घाटात अडकलेलं आणि नवरदेवाचा बाप दारात. म्हणून डेटा जितक्या सहज आत जातो तितक्या सहज बाहेर निघणार नसेल, तो बॉक्स कितीही कप्प्यांचा असला तरी मी घेऊ देत नाही.

या कसोटीवर बाजारातले प्रकार लावून पाहू. यूएसबीचा डीएएस बॉक्स दोन तऱ्हेचा मिळतो. एकात रेडचं सर्किट बॉक्समध्येच असतं, मागे छोटे स्विच देऊन रेड ०, १, ५ निवडायचं. दिसायला सोपं, पण तो बॉक्स गेला तर त्याच जातीचा दुसरा बॉक्स शोधत बसा. शिवाय रेडचा प्रकार बदलला की डिस्क कोऱ्या होतात. दुसऱ्या तऱ्हेच्या बॉक्समध्ये रेड नसतंच, चार डिस्क चार वेगळ्या ड्राइव्ह म्हणून दिसतात. त्यातली कुठलीही डिस्क उपसून दुसऱ्या कंप्युटरला लावली की वाचता येते. डीएएसच घ्यायचा तर मी हा दुसरा घेईन. फक्त त्याच्यावर सॉफ्टवेअरचं रेड किंवा झेडएफएस (डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टीम) उभं करू नका. स्वस्त बॉक्समध्ये चारही डिस्क एकाच यूएसबी चिपवरून जातात. एक डिस्क अडखळली की चिप रीसेट होते आणि चारही क्षणभर गायब होतात. रेडला वाटतं, चारही डिस्क एकदम मेल्या.

एनएएसमध्ये सिनॉलॉजी कंपनीचं एसएचआर (तिची स्वतःची रेडची पद्धत) वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क सामावून घेतं. ८ टीबीच्या दोन डिस्कपासून सुरुवात केली तर वापरायला ८ मिळतात, तिसरी घातली की १६, चौथी घातली की २४, आणि दर वेळी एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. डेटा उतरवावा लागत नाही. आत शेवटी लिनक्सचीच डिस्क जोडायची साधनं (एमडी आणि एलव्हीएम) आहेत, त्यामुळे बॉक्स मेला तर डिस्क साध्या पीसीला लावून उबुंटूवर वाचता येतात, आणि ते कसं करायचं हे कंपनीनेच लिहून ठेवलं आहे. २०२५मध्ये या कंपनीने प्लस मालिकेच्या नव्या मॉडेलांत इतरांच्या डिस्कवर बंधनं आणली होती. ओरड झाल्यावर त्याच वर्षी डीएसएम ७.३मध्ये (एनएएसच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत) हार्ड डिस्क आणि साटा एसएसडींपुरती ती मागे घेतली. म्हणून कुठल्याही कंपनीचा बॉक्स घ्या, पण घेण्याच्या दिवशी त्या मॉडेलची डिस्कची यादी तपासा, गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

तिसरी वाट म्हणजे पडून असलेला जुना पीसी. त्यावर एनएएसचं सॉफ्टवेअर चढवायचं. त्यातल्या अनरेडमध्ये प्रत्येक डेटा डिस्क स्वतंत्र वाचता येते आणि आकार कसेही चालतात, फक्त पॅरिटीची (मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणाऱ्या हिशेबाची) डिस्क सगळ्यांत मोठी किंवा बरोबरीची हवी. त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. ट्रूनॅस फुकट आहे, ते झेडएफएसवर चालतं. झेडएफएसच्या रेडझेडमध्ये (त्याच्या रेड ५सारख्या पद्धतीत) एकेक डिस्क वाढवता येत नाही ही जुनी तक्रार जानेवारी २०२५च्या ओपनझेडएफएस २.३ने मिटवली. ज्याला रात्री जागून असल्या गोष्टी करायला आवडतात त्याला ही वाट छान. पण तुम्ही शूटवर असताना घरी वडील एकटे आणि मशीन सुरू होत नाही, असा दिवस डोळ्यांपुढे आणा. जुना पीसी विजेलाही जास्त खातो. ३०-३५ वॅटचा एनएएस आणि ६०-७० वॅटचा पीसी, हा फरक इन्व्हर्टरवर रात्र काढताना कळतो.

रेड ५चं काय? नाही, बॅकअप संपत नाही. रेड फक्त एकाच संकटावर उपाय आहे : डिस्क मेली तरी काम थांबू नये. चुकून डिलीट झालेलं फोल्डर रेड इमानेइतबारे सगळ्या डिस्कवरून डिलीट करतं. व्हायरस, वीज, पूर, चोरी यांपुढे ते कशालाच पुरत नाही. स्टेपनी आहे म्हणून गाडीचा विमा कोणी सोडत नाही, तसंच हे. त्यात मेलेली डिस्क बदलली की नवी भरून निघायला वेळ लागतो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १८० एमबीने भरली तरी बारा तासांच्या वर जातात, मधे काम चालू असेल तर आणखी. त्या सगळ्या वेळात उरलेल्या डिस्क जिवाच्या आकांताने फिरत असतात आणि तुमच्याकडे रेडचं संरक्षण शून्य. हे बारा तास आपल्याकडे लाईट न जाता मिळतील का, याचं उत्तर महिन्यावर आहे. डिस्क वाढवायची, बदलायची ही कामं मी डिसेंबर-जानेवारीतच करवून घेतो. जूनमध्ये कोणी म्हटलं तर त्याला डिसेंबरपर्यंत थांबवतो, डिस्कच गेली असेल तर गोष्ट वेगळी.

मग डीएएस की एनएएस, तुमच्यासाठी? एकटे तुम्ही आणि एकच कंप्युटर असता तर मी डीएएस सांगितला असता, स्वस्तात सुटला असता. पण फोनचे फोटो आणि टीव्ही म्हटलं की एनएएसच. त्यावर एडिटिंग हळू होईल ही भीती थोडी खरी, थोडी वाढवलेली आहे. साध्या गिगाबिट केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. तुमच्या कॅमेऱ्याचं फोर-के फुटेज १०० ते २०० मेगाबिटचं असेल, म्हणजे सेकंदाला १२ ते २५ एमबी. एक-दोन ट्रॅक आरामात चालतात. तरीही चालू काम कंप्युटरच्या आतल्या एसएसडीवर ठेवा आणि काम संपलं की एनएएसवर हलवा. हे केलंत तर २.५ गिगाबिटच्या मागे लागायची गरज नाही. मात्र एनएएसला वायफायवर ठेवू नका. चिऱ्याच्या भिंतीतून सिग्नल दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत अर्धमेला होतो. राउटरपासून कॅट ६ केबल ओढा, आणि ती घराच्या आतून. ओटीवरून गोठ्याकडे उघड्यावरून नेलेली लॅनची केबल म्हणजे विजेला आवतण. तशा केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट एकदम जळालेले मी पाहिले आहेत, मधे वीज न वाहणारी फायबरची केबल असती तर वाचले असते.

डिस्क कुठल्या, हे बॉक्सहून महत्त्वाचं. तुमच्या ४ टीबीच्या दोन डिस्कचा मॉडेल नंबर बघा आणि त्या सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी सुटे लिहिणाऱ्या) आहेत की एसएमआर ते कंपनीच्या यादीत तपासा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे जागा वाढते, पण सलग मोठं लिखाण आलं की डिस्क धापा टाकते, आणि रेड भरून काढणं म्हणजे सलग मोठं लिखाणच. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (म्हणजे लाल, वरचं रेड नव्हे) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, तेव्हा बराच गदारोळ झाला. आता त्यांच्या रेड प्लस आणि सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. साध्या डेस्कटॉपच्या बाराकुडांमधल्या बऱ्याच मोठ्या डिस्क एसएमआर असतात. तुमच्या त्या दोन तशाच निघाल्या तर टाकून देऊ नका, बॅकअपला उत्तम चालतील. रेडमध्ये मात्र घालू नका.

आता आपल्याकडचं दुखणं. डिस्क मरण्याची कारणं शोधायला गेलो तर मला डिस्कपेक्षा घराची वायरिंगच जास्त वेळा सापडते. मृगाच्या आधीच्या वादळी पावसात लाईट एकदाची जाऊन बसत नाही, डोळे मिचकावते. ते जास्त घातक. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीम अर्धवट राहते, आणि पोर्टेबल डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये असेल तर तिला सावरायला जर्नलही (चालू लिखाणाची नोंदवही) नसतं. कंप्युटर फक्त विंडोजचे असतील तर पोर्टेबल एनटीएफएसमध्ये ठेवा. यूपीएस एनएएसबरोबरच घ्या, नंतर नाही. व्होल्टेज सांभाळणारा ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह पुरतो, पण त्याला यूएसबीचं डेटा पोर्ट हवं. ती केबल एनएएसला लावली की बॅटरी उतरायला आल्यावर एनएएस स्वतः नीट बंद होतो. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हच्या पुढे लावलेला यूपीएस कित्येकदा ती वीज स्वीकारतच नाही आणि बॅटरीवरच बसून राहतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे बजेटमध्ये धरा.

अर्थिंग तपासून घ्या. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) घरांत जांभा एप्रिल-मेमध्ये इतका कोरडा पडतो की अर्थिंग नावापुरतं उरतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा, दोनेक व्होल्ट ठीक, पाचाच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. आणि आभाळात गडगडायला लागलं की प्लग काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. बोर्डात सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा) बसवला तरी ही सवय सोडू नका.

दमटपणाबद्दल लोक घाबरतात ते उलट्या बाजूने. सतत चालू असलेली डिस्क स्वतःच्या ऊबेनेच कोरडी राहते. कपाटात पिशवीत बंद ठेवलेली डिस्क खराब होते. साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी लिहिलेलं असतं की हे झाकू नका. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं, पलीकडे फिल्टर असतो. जास्त क्षमतेच्या हेलियमच्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना ते नसतं. समुद्राकडून येणारी खारी हवा आधी चढते ती कनेक्टरवर : साटाच्या सोनेरी पट्ट्या काळपट होतात आणि डिस्क मधेच गायब व्हायला लागते. लोकांना वाटतं डिस्क गेली. बाहेर काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की बऱ्याचदा ती पुन्हा चालू होते. कपाटातल्या बॅकअप डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, जेल गुलाबी किंवा हिरवट पडलं की बदला, आणि पावसाळ्यातही महिन्या-दीड महिन्याने डिस्क तासभर फिरवा.

जागा म्हणाल तर माजघर. माळा नको, कौलांखाली उन्हाळ्यात तापतो आणि पावसात कधी गळेल सांगता येत नाही. जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं सुटा, बंद कपाटात नाही. डिस्कचं तापमान ४५च्या खाली राहिलं पाहिजे. आणि मुंग्या! उबदार, अंधारी, कोणी न हलवणारी जागा म्हणजे त्यांना अंडी घालायला आंदणच. उघडलेल्या यूपीएसमध्ये रिलेच्या फटीत चिरडलेल्या मुंग्या आणि सर्किटला चिकटलेली पाल, हे आमच्या टेबलावरचं नेहमीचं दृश्य. पंख्याच्या जाळीवर आतून बारीक नायलॉनची जाळी लावा, फवारा मारू नका, आणि पाऊस संपल्यावर एकदा ब्रशने साफ करा.

आता प्रती. २२ जुलै २०२१ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर चिखलाने भरलेल्या डिस्क बऱ्याच पाहिल्या. त्या झाकणावरच्या भोकाभोवती लाल गाळाचं कडं जमलेलं असे. अशी डिस्क वाळवून लगेच चालू करायची नसते, आत गाळ असेल तर पहिल्याच फेरीत पृष्ठभाग खरवडला जातो. ज्यांनी बॅकअप घेतला होता, त्यातल्या काहींचा बॅकअप त्याच टेबलाच्या खणात होता. घराबाहेरची प्रत म्हणजे वाडीतल्या शेजाऱ्याकडेही नको, दुसऱ्या गावात हवी.

यासाठी आपल्याकडे आयती सोय आहे. तुमचे कोणी चाकरमानी मुंबईला असतीलच. दोन डिस्क ठेवा : एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. गणपतीला येताना त्यांनी त्यांच्याकडची आणायची, जाताना ताजी भरलेली घेऊन जायची, शिमग्याला पुन्हा अदलाबदल. डिस्क रेल्वेत हरवली तर काय, म्हणून ती व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामने कुलूपबंद करा आणि पासवर्ड घरात कागदावर लिहून ठेवा. सगळं इंटरनेटवर चढवायचा विचार असेल तर गणित करा : ५० एमबीपीएस अपलोड असलं तरी ८ टीबीला सलग पंधरवडा लागतो. पण नमन आणि जमिनीचे कागद मिळून दोनशे जीबी असतील, ते एका रात्रीत चढतील. तेवढं नक्की चढवा. ते पुन्हा मिळवायचं कुठून? लग्नाचं कच्चं फुटेज मात्र डिलिव्हरीनंतर किती महिने ठेवणार हे गिऱ्हाइकाला बिलावरच लिहून द्या आणि मुदत संपली की उडवा. पाच पोर्टेबलवाल्यांकडे एकच फोल्डर तीन ठिकाणी असतं हे मी नेहमी बघतो. डुप्लिकेट काढून हे जुनं गाळलंत तर तुमचे ९ टीबी बहुधा पाच-सहावर येतील.

म्हणून क्रम असा : आधी आजारी डिस्क, मग गाळणी, मग चार कप्प्यांचा एनएएस, यूपीएस आणि ८ टीबीच्या दोनच सीएमआर डिस्क. गाळूनही सातच्या वर उरलं तर तीन. बाकीचे कप्पे रिकामे राहू देत, कप्पा रिकामा आहे म्हणून काही अडत नाही. जुन्या धड पोर्टेबल आणि ४ टीबीच्या दोन डिस्क बॅकअपकडे जातील. एनएएस बाहेरून उघडायला राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीच्या व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे एनएएस एन्क्रिप्ट करून खंडणी मागितली होती.

डिस्क घेताना दोन्ही शक्यतो वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, एकाच लॉटमधल्या दोन डिस्क एकाच सुमारास कुरकुरतात असं दिसतं. पैसे देण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी आहे का बघा, बाहेरून आणलेल्या स्वस्त मालाला ती नसते. २०२५च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क चालू तासांचा आकडा शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. तिथे स्मार्टचा (डिस्क ठेवते त्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीचा) आकडा खोटा निघाला तरी डिस्कच्या फार्म लॉग नावाच्या वेगळ्या नोंदीतले खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामची नवी आवृत्ती तो लॉग दाखवते. घरी आल्यावर एकही फाइल टाकण्याआधी डिस्क पूर्ण लिहून आणि वाचून तपासा, ८ टीबीला दिवसभराच्या वर वेळ जातो. एकही पेंडिंग (वाचायला अडलेला) किंवा रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेला) सेक्टर दिसला तर परत पाठवा. परतीची मुदत थोड्याच दिवसांची असते, तेव्हा ही तपासणी पार्सल आल्याच्या संध्याकाळीच लावा, आणि यूपीएसवर.